शेजाऱ्यांची बेरीज

माझी पुतणी रसायनशास्त्रात एम्. एस्‌सी. करते. परवा रडवेली होऊन आली. "काका, बेंझिल अल्कोहोलचं बेंझिल क्लोराइड करायला निघाले होते. झालं की नाही, तेच कळत नाही!" मराठीच्या मास्तराला हे विचारावे, यावरूनच तिची निराशा ओळखावी.

मग तिनेच मला शिकवले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे केंद्रक रेडिओलहरींना प्रतिसाद देते. त्याच्यावर इलेक्ट्रॉनांची छत्री असते. शेजाऱ्याने ती आपल्याकडे ओढली, की प्रतिसादाची खूण सरकते. दोन शेजाऱ्यांमध्ये बसलेल्या कार्बनवरच्या हायड्रोजनांसाठी शूलरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने ठोकताळा दिला : मूळ ०.२३, त्यात क्लोरीनचे २.५३, फिनाइलचे १.८५ मिळवा. दोन्हीकडे क्लोरीन असेल तर ५.२९. यंत्र दाखवते ५.३०! आमच्या व्याकरणातही प्रत्यय लागताच शब्दाचे सामान्यरूप होते, पण इतके हिशेबी नव्हे.

तिचे क्लोराइड ४.६१ वर यायचे. पण अल्कोहोलमधल्या शेजाऱ्याचे २.५६, म्हणजे बेरीज ४.६४! दोघे जवळजवळ एकाच जागी.

"अगं, पण त्या शेजाऱ्याचा स्वतःचा हायड्रोजन असेल ना?" मी भीतभीत म्हटले. इथाइल अल्कोहोलच्या हायड्रोजनांच्या तीन वेगळ्या खुणा १९५१ साली स्टॅनफर्डच्या ज्या निबंधात आल्या, त्यावर धर्मट्टींचे नाव आहे आणि पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, हे तिनेच मघाशी सांगितले होते.

ती तशीच उठली. दुसऱ्या दिवशी नमुन्यात जड पाण्याचा थेंब टाकून हलवला. एक उंचवटा नाहीसा झाला. अल्कोहोल शिल्लक होते.

"पुन्हा करायला घेतलंय," संध्याकाळी ती म्हणाली, आणि दोन वाट्या भात जेवली.