लेखांक ९ : कुवेतचं शून्य, आपलं शून्य

शाळेतली स्वच्छतागृहं आज घेणार होतो, ती आता पुढच्या आठवड्यात. कारण कुवेतहून, साल्मियातून, एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांनी माझ्या लाडक्या विषयालाच, सॅनिटरी पॅडवरच्या करालाच, हात घातलाय. त्यांची भाची खेड तालुक्यात आठवीला आहे. ताई विचारतात : "इथे जमइयात पॅडवर व्हॅट नाही. भारतातही २०१८ साली जीएसटी गेला. मग माझ्या बहिणीला पाकीट घेताना अजून दहादा विचार का करावा लागतो?"

(जमइया म्हणजे कुवेतच्या वस्तीवस्तीतलं सहकारी भांडार.)

ताई, शून्य दोन्हीकडे आहे, पण त्यांची जात वेगळी. कुवेतनं व्हॅट मुळी आणलेलाच नाही. सौदी आणि अमिरातीनं १ जानेवारी २०१८ला तो लावला, कुवेत थांबलं. बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण पाच टक्के सीमाशुल्क, बाकी काही नाही. आपल्याकडे मात्र कारखान्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येक मालावर जीएसटी आहे. फक्त शेवटच्या पाकिटावरचा तेवढा काढलाय.

तो काढायलाही भांडावं लागलं. १ जुलै २०१७ला पॅडवर बारा टक्के लागले आणि कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त राहिल्या. मुंबईतून 'लहू का लगान' ही मोहीम निघाली, जेएनयूतल्या झरमिना इसरार खान दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यावर अर्थ मंत्रालयाचं म्हणणं असं, की आधीही अबकारी, व्हॅट वगैरे मिळून अंदाजे १३.६८ टक्के बोजा होताच. आणि कर शून्य केला तर देशी उत्पादकाची कच्च्या मालावरच्या कराची वजावट बुडेल. हा मुद्दा खोटा नव्हता. आमच्या बाजूचे लोक तो मान्य करायला कचरतात, म्हणून मुद्दाम आकडे मांडतो.

समजा, एका पाकिटाला वीस रुपयांचा कच्चा माल लागतो. द्रव शोषणारं पॉलिमर, प्लास्टिकची फिल्म, गोंद यांवर तेव्हा अठरा टक्के होते, लाकडाच्या लगद्यावर बारा. सोयीसाठी सगळ्यावरच अठरा धरू : ३ रुपये ६० पैसे. पाकिटाची करापूर्वीची किंमत चाळीस, त्यावर बारा टक्के म्हणजे ४ रुपये ८०. गिऱ्हाईक देणार ४४.८०. उत्पादक आधी भरलेले ३.६० वजा करून सरकारला १.२० देणार. आता पाकिटावरचा कर काढा. ४.८० गेले, पण वजावटही गेली, म्हणजे ते ३.६० उत्पादकाच्या अंगावर. नफा तेवढाच ठेवायचा तर तो पाकीट ४३.६०ला विकणार. बहिणीचा फायदा एक रुपया वीस पैसे, तोही कंपनीनं प्रामाणिकपणे पुढे दिला तर! नोंदणीच्या मर्यादेखालच्या बचत गटाला तर वजावट आधीही नव्हती नि आताही नाही.

ब्रिटननं १ जानेवारी २०२१ला तिसराच मार्ग धरला : विक्रीवर शून्य दर, आणि उत्पादकाला आधी भरलेला कर परत. आपण तसं का करत नाही, यावर मी कुणाशीही तासभर वाद घालीन. केनियानं २००४मध्येच हा कर काढला होता आणि २०१७मध्ये शाळकरी मुलींना पॅड मोफत देण्याचा कायदाही केला. म्हणजे करमाफीनं भागत नाही, हे त्यांना कळलं होतं.

मुलीला परवडेल अशी किंमत हवी तर सरकारला खिशात हात घालावा लागतो. महाराष्ट्रानं तो 'अस्मिता' योजनेत घातला. ८ मार्च २०१८ला, जीएसटी जायच्या चार महिने आधी, योजना सुरू झाली : जिल्हा परिषद शाळेतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, तेही गावातल्या बचत गटाच्या बाईकडून. बाईकडून हे महत्त्वाचं. गल्ल्यावर ओळखीचा काका बसलेला असला की मुलगी पेन्सिल घेऊन परत येते.

तेव्हा ताई, कुवेतहून पॅडचे खोके पाठवू नका. बहिणीला जवळचं जनऔषधी केंद्र शोधायला सांगा आणि 'सुविधा' पॅड मागायला सांगा. २०१८मध्ये ते अडीच रुपयांना एक होतं, ऑगस्ट २०१९पासून एक रुपयाला केलं. पाच दिवस, रोज तीन-चार धरले तरी महिन्याला वीस रुपयांत भागतं. अट एवढीच, की केंद्र बसच्या तिकिटाला परवडेल इतकं जवळ हवं.