कणाला वस्तुमान कुठून येतं?

जयंत नारळीकरांच्या संशोधनाविषयी एक समज घट्ट रुजला आहे: त्यांनी महास्फोटाला विरोध केला आणि १९६५मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी सापडल्यावर त्यांचा सिद्धांत मागे पडला. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. मागे पडलं ते स्थिर स्थितीचं, म्हणजे आरंभ नसलेलं विश्व. ते बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी १९४८मध्ये मांडलं, तेव्हा नारळीकर शाळेत होते. पुढे त्यांनी त्याची बाजू हिरिरीने लढवली, आणि पेन्झियस व विल्सन यांना सापडलेल्या सुमारे ३ केल्विन तापमानाच्या प्रारणाचा उलगडा महास्फोटाने जितक्या सरळपणे होतो तितका त्या विश्वातून होत नाही, हे मान्यच करायला हवं. पण हॉईल आणि नारळीकर यांनी १९६४मध्ये केंब्रिजमध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत विश्वाला आरंभ होता की नाही, या वादापुरता नव्हता. त्याचा प्रश्न अधिक खोलवरचा होता.

उत्तर ध्रुवावर फुकोचा लंबक टांगला, तर खाली पृथ्वी फिरत राहते आणि लंबकाच्या झोक्याची दिशा दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात कायम राहते. ताऱ्यांशी त्याचा संबंध काय? न्यूटनने निरपेक्ष अवकाशाकडे बोट दाखवलं. एर्न्स्ट माखच्या मते वस्तूचं जडत्व विश्वातल्या उरलेल्या द्रव्यामुळे येतं. आइन्स्टाइनला या कल्पनेची ओढ होती, पण त्याच्या समीकरणांना संपूर्ण रिकामं विश्वही चालतं. १९४९मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने तर त्यांतूनच असं विश्व काढून दाखवलं, की जिथे सगळं द्रव्य स्थानिक जडत्वाच्या संदर्भात फिरत असतं. हॉईल-नारळीकर सिद्धांतात कणाचं वस्तुमान, म्हणजे त्याच्या जडत्वाचं माप, ही इतर सर्व कणांच्या प्रभावांची बेरीज आहे. विश्वात एकच कण असेल, तर त्याला वस्तुमानच नाही. कण भरपूर असले की आइन्स्टाइनची समीकरणं हाती येतात, आणि गुरुत्वाकर्षण आकर्षकच का, हेही आपोआप ठरतं. आइन्स्टाइनच्या मांडणीत आकर्षण की अपकर्षण हे ठरवणारं चिन्ह न्यूटनच्या नियमाशी ताळा जुळवून बसवावं लागतं. मला हे या सिद्धांताचं सर्वांत सुंदर फळ वाटतं.

समीकरणं तीच असतील तर नवीन काय मिळालं, हा आक्षेप रास्त आहे. सूर्यमालेतल्या निरीक्षणांनी दोन्हींत निवड करता येत नाही. २०१२मध्ये हिग्ज कण सापडल्यावर वस्तुमानाचा प्रश्न मिटला, असंही म्हटलं जातं. पण प्रोटॉनचं बहुतेक वस्तुमान क्वार्कना बांधणाऱ्या ऊर्जेतून येतं, आणि लंबकाचा ताऱ्यांशी संबंध काय, हे हिग्ज क्षेत्र सांगत नाही. खरा घाव स्टीफन हॉकिंगने १९६५मध्ये घातला. या सिद्धांतात भूतकाळातल्या कणांइतकाच भविष्यातल्या कणांचा प्रभावही बेरजेत येतो, आणि तेव्हा विचारात असलेल्या प्रसरणशील विश्वांत ती बेरीज अनंत होते. त्यावर त्या काळात समाधानकारक उत्तर नव्हतं. १९९८मध्ये मात्र अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचं दिसलं. अशा विश्वात इथून निघालेला प्रकाश अनंत काळातही ठरावीक आकाशगंगांपलीकडे पोहोचत नाही. म्हणजे भविष्याच्या बाजूने बेरजेत येणारे कणही मोजकेच राहतात, पण एका अटीवर: नवं द्रव्य निर्माण होता कामा नये. स्थिर स्थितीच्या विश्वाला तर ती निर्मिती हवीच होती.