पन्हाळ्याला स्वतःची प्लॅस्टिकबंदी करता येईल का?

पीएचडीच्या सुरुवातीला मी सरांना माझा संशोधन-प्रश्न दाखवला: 'पन्हाळा नगरपरिषदेने प्लॅस्टिकविरुद्ध स्वतःचे कडक नियम का केले नाहीत?' सरांनी एवढंच विचारलं, "करायचा अधिकार आहे का तिला?" मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर.

७४व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा नागरी संस्थांचा विषय म्हणून आला. वाचून वाटतं, झालं, अधिकार मिळाला! पण घटना म्हणते की राज्य विधिमंडळ कायदा करून असे अधिकार देऊ शकतं. म्हणजे पन्हाळ्याचा अधिकार येतो तो राज्याच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमातून. नगरपरिषद उपविधी, म्हणजे गावापुरते नियम, करू शकते. पण ते कायद्याशी विसंगत नकोत आणि त्यांना शासनाची मंजुरी लागते.

आता प्लॅस्टिककडे येऊ. २३ मार्च २०१८ला राज्याने २००६च्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली अधिसूचना काढली. पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या वगैरेंवर राज्यभर बंदी आली. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० रुपये; तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिने कैद. दुधाच्या जाड पिशव्यांना सूट मिळाली. प्रत्यक्ष कारवाई २३ जूनला सुरू झाली आणि आठवडाभरातच किराणा दुकानातल्या पॅकिंगसाठीच्या जाड प्लॅस्टिकलाही सवलत मिळाली. इथे एक गोष्ट टिपून ठेवा: नियम केला राज्याने, सूट दिली राज्याने, आणि दुकानात जाऊन पावती फाडायची नगरपरिषदेच्या माणसांनी.

वरच्या सरकारचा नियम खालच्याला दोन प्रकारे बांधतो. एक, 'किमान एवढं करा', त्याहून कडक व्हायला हरकत नाही. दोन, 'याच्या पलीकडे जायचं नाही'. दुसऱ्या प्रकाराचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. टेक्सासमधल्या लारेडो शहराने दुकानांतल्या पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती. राज्याच्या घनकचरा कायद्यात मात्र लिहिलेलं, की राज्याच्या परवानगीशिवाय स्थानिक संस्थेने कचरा व्यवस्थापनासाठी वेष्टनांवर बंदी घालायची नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बंदी रद्द केली. तारीख २२ जून २०१८. आपल्याकडे कारवाई सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी!

हाच वाद आपल्याकडे एक पायरी वर झाला. केंद्राच्या २०१६च्या नियमांत ५० मायक्रॉनहून जाड पिशव्या चालत होत्या, राज्याने त्याही बंद केल्या. राज्याला हा अधिकारच नाही, असं म्हणत उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ एप्रिल २०१८ला न्यायालयाने बंदीला स्थगिती नाकारली. लक्षात घ्या, तो अंतरिम आदेश होता. 'स्थगिती नाकारली' आणि 'कायदा वैध ठरवला' या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात ही गल्लत मी स्वतः केली होती.

मग पन्हाळ्याचं काय? पर्यटकाच्या हातातली पातळ कॅरीबॅग नगरपरिषद जप्त करू शकते. तीन दरवाज्यापाशी पडलेलं वेफर्सचं पाकीट मात्र कारखान्यातूनच भरून आलेलं. त्याच्या विक्रीवर गावापुरती बंदी घालायची तर आधी शासनाचं दार ठोठवावं लागेल. कचरा उचलणं, कुंड्या ठेवणं, टाकणाऱ्याला दंड करणं एवढं हातात उरतं. २०२५मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. त्याने जबाबदारी वाढली, नियम करायचा अधिकार वाढला नाही. सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाला हे ओझं जड आहे.

म्हणून माझा प्रश्न आता असा आहे: 'राज्याने ठरवलेली बंदी पन्हाळ्यासारखी छोटी नगरपरिषद कशी राबवते, आणि बंदीबाहेरच्या कचऱ्याचं काय करते?' तुम्हीही एखाद्या संस्थेला 'का केलं नाही' विचारण्याआधी मूळ कायदा आणि त्यातल्या दुरुस्त्या वाचा. नाहीतर ज्याच्या हातात पेनच नाही, त्याला आपण सही का केली नाही म्हणून जाब विचारत बसतो.