खाणगावाच्या संग्रहालयातील दिवा, पक्षी आणि बिल्ला

‘वीज कुठून येते?’ असे नवीन पनवेलच्या वर्गात विचारले, तर धरणाचे नाव पहिल्यांदा पुढे येईल. कोकणच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना कोयना जवळची वाटते. परंतु राज्याच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० कि.मी. लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्यातून येणारी वीज आपल्या बाजूच्या जाळ्यात मिसळते. ज्या गावांनी हा कोळसा काढला त्यांचे जगणे मात्र आपल्याला परकेच राहिले आहे.

वर्धा खोऱ्यातील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून अधिक जुना. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत सरकारी खाण चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे नेली गेली. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, वणी, उमरेड असा हा पसारा वाढला. चंद्रपुरात महाकाली कॉलरी, रय्यतवारी कॉलरी ही वस्त्यांचीच नावे होऊन बसली आहेत. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण पर्यटकांना दाखवण्याचा उपक्रम २०१६ साली सुरू झाला. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयात तर भूमिगत खाणीची मोठी प्रतिकृतीच आहे. अशा ठिकाणी सहल नेली की मुले यंत्रांभोवती जमतात. आमचे मत असे, की आधी काचेच्या कपाटातील लहान वस्तू पाहाव्यात. त्यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी जिवासाठी केलेली असते.

पहिली वस्तू म्हणजे जाळीचा दिवा. कोळशाच्या थरात मिथेन अडकलेला असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. उजेडाशिवाय काम नाही आणि त्या काळी उजेड म्हणजे उघडी ज्योत! हम्फ्री डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. धातू उष्णता झटकन पसरवतो, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापत नाही. याचा प्रयोग शिक्षकाने वर्गात स्वतः करून दाखवावा. बारीक जाळीची स्टीलची चहाची गाळणी मेणबत्तीच्या ज्योतीत आडवी धरा. ज्योत जाळीखालीच चपटी होते, वर फक्त धूर येतो. आता त्या धुराला पेटती काडी लावा, तो जाळीच्या वरही पेटतो. म्हणजे जळणारा वायू जाळीतून आला होता, आग आली नव्हती. (गाळणी चांगलीच तापते. कापडाने धरा आणि प्रयोग काही सेकंदांतच आटपा.)

डेव्हीने या दिव्याचे पेटंट घेतले नाही. पण दिवा आला म्हणून अपघात थांबले असे नाही. ज्या वायूच्या जागा पूर्वी सोडून दिल्या जात, तिथेही माणसे उतरवली जाऊ लागली.

हाच दिवा वायूमापक म्हणूनही वापरत. वात बारीक केली की मिथेनमुळे ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, आणि वायू वाढेल तशी ती उंच होते. आपल्या नियमांप्रमाणे हवेत मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला की माणसे बाहेर काढावी लागतात. तपासणाऱ्या मायनिंग सरदाराने दिवा कुठे धरायचा, हे विद्यार्थ्यांना गणिताने सांगता येईल. मिथेनचा रेणुभार १६, हवेचा सरासरी २९, कार्बन डायॉक्साइडचा ४४. तेव्हा मिथेनसाठी दिवा हळूहळू छताकडे न्यायचा आणि कार्बन डायॉक्साइडसाठी जमिनीकडे. तिथे ज्योत मंदावते.

शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा धडा आपल्या लहान मुलाला खाणीत नेऊन दिला. त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा चांगली होती, म्हणून लगेच सावरला. मिथेन हलका असतो हे तो जन्मभर विसरला नाही. हा मुलगा म्हणजेच पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. आजच्या पालकांना ही अध्यापनपद्धती मानवणार नाही!

स्फोटानंतरचा खरा मारेकरी असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही आणि ज्योतही त्याच्यात नेहमीसारखी जळत राहते. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. इथे दिवा निरुपयोगी ठरतो, म्हणून थोरल्या हाल्डेननी कॅनरी पक्षी सुचवला. त्याचा श्वास आणि चयापचय इतका वेगवान, की माणसाच्या आधी तो कोसळतो. काही पिंजऱ्यांना प्राणवायूचे छोटे नळकांडे जोडलेले असे, पक्ष्याला पुन्हा शुद्धीवर आणण्यासाठी. ब्रिटिश खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मापकांनी घेतली.

पितळी बिल्ला मात्र बहुतेक जण न थांबता ओलांडतात. कामगार खाली उतरताना क्रमांकाचा बिल्ला देऊन त्याच क्रमांकाचा दिवा घेई. पाळी संपल्यावर दिवा परत आला नाही, तर माणूसही खालीच आहे असा अर्थ. दुर्घटनेच्या दिवशी आत किती जण आहेत, याचे पहिले उत्तर दिवाघराच्या भिंतीवर मिळते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून आत आले आणि ३७५ माणसे गेली. ‘काला पत्थर’ या चित्रपटामागे हीच घटना आहे. आपल्या शेजारी, छिंदवाड्याच्या न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी असेच पाणी घुसून साठाहून अधिक कामगार बुडाले. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती.

म्हणून संग्रहालयातील जुना नकाशा दिसायला कितीही रूक्ष असला तरी आम्ही तो सर्वांत मोलाचा मानतो. पाणी भरलेल्या जुन्या खोदकामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदू नये, असा नियम आहे. पण जुने खोदकाम नेमके कुठे आहे हे नकाशाच सांगणार.

एखादी वेताची टोपली दिसली तर ती बहुधा बाईने उचललेली असेल. भूमिगत कामावरील बंदी १९४३ साली युद्धामुळे उठवून १९४६ मध्ये पुन्हा घातली, तोवर बायका खाली कोळसा वाहत होत्या. २०१९ पासून अटींवर त्यांना पुन्हा परवानगी आहे.

वेल्समधील बिग पिट ही खाण १९८० साली बंद पडली आणि १९८३ पासून संग्रहालय झाली. तिथे ९० मीटर खाली उतरण्यापूर्वी प्रेक्षकांकडून काड्यापेटी आणि बॅटरीवर चालणारे घड्याळ काढून घेतात, कारण खाणीचे नियम अजून लागू आहेत. सहलीला निघण्यापूर्वी मुलांना आपापल्या दप्तरातील कोणत्या वस्तू वर ठेवाव्या लागतील याची यादी करायला सांगा. मोबाइल, कॅलक्युलेटर सहज सुचतील. आजोबांचे किल्लीचे घड्याळ खाली नेता येईल का, यावर मात्र वाद होऊ द्या.