भूखंडापुरते दादर

दादरच्या पुनर्विकासाची चर्चा आज बहुधा चौरस फुटांत चालते. जुन्या खोलीच्या बदल्यात किती फूट मिळणार, बाहेर राहण्याचे भाडे विकासक किती महिने भरणार, ठेवनिधी किती, मोटारीस जागा मिळणार की नाही, एवढ्या प्रश्नांचा निकाल लागला की करारनाम्यावर सह्या होतात आणि इमारत रिकामी होते. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या डोक्यावरचे छत पावसाळ्यात गळत नाही, त्याला मुळीच नाही. तथापि जी वस्ती रस्ते, बागा आणि घरे यांचा एकत्र विचार करून आखली गेली, तिचा नवा अवतार सुट्या सुट्या भूखंडांच्या हिशेबातून घडत आहे, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते. आणि ती तशी का वाटते हे सांगण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

१८९६ साली मांडवीत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि कोंदट घरांच्या दाटीने शहराचे काय होऊ शकते, याची जाणीव सरकारदरबारी प्रथमच तीव्रतेने झाली. त्या जाणिवेतून १८९८ साली कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. जुन्या शहरातील दाटी मोडणे हे त्याचे एक काम, आणि उत्तरेकडील शेते, वाड्या व पाणथळ जमिनी संपादून तेथे नवी वस्ती वसविणे हे दुसरे. दादर-माटुंगा योजना ही या दुसऱ्या कामाचे फळ. तिचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी जमिनीची भरणी आणि सांडपाण्याची व्यवस्था, मग रस्ते, मग बागांच्या राखीव जागा, आणि हे सर्व कागदावर व जमिनीवर निश्चित झाल्यानंतर उरलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने इच्छुकांस देणे. १९१२ साली ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईच्या घरांतील उजेड व वारा या विषयावर व्याख्यान देऊन ज्या नियमाचा पुरस्कार केला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम या नावाने प्रसिद्ध आहे. खिडकीच्या तळापर्यंत आकाशाचा प्रकाश त्या कोनातून विनाअडथळा पोहोचला पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजेच स्थूलमानाने, समोरच्या इमारतीची उंची जितकी, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. उंची आणि अंतर यांचे नाते असे गणिताने बांधून घेतलेले होते.

ट्रस्टच्या अधिकाऱ्यांच्या मनात बंगल्यांचे उपनगर होते. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या दोनतीन मजली, स्वतंत्र न्हाणीघर व संडास असलेल्या सदनिकांच्या इमारती. इतिहासकार निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांवरील आपल्या ग्रंथात हे परिवर्तन फार बारकाईने उलगडून दाखविले आहे. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या कारकून, शिक्षक, वकील अशा माणसांना परवडेल असे, आणि तरीही आपल्या दाराआड आपलेच असे घर येथे प्रथम मिळाले. पूर्वेस हिंदू कॉलनी वसली. मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टचे मन वळवून मध्यम स्थितीतील पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले व पारशी कॉलनी उभी केली. पश्चिमेस नगरपालिकेने १९२५ साली माहीम पार्क हे मैदान खुले केले आणि शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षी, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. १९३३ साली ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. मैदानाभोवतीच्या गोलाकार गच्च्यांच्या ज्या इमारतींचे आज कौतुक होते, त्या बऱ्याचशा त्याच्या पुढच्या दशकातल्या.

या आखणीला आदर्श म्हणून मखरात बसविण्याची माझी इच्छा नाही. शहरातली जी गरीब बिऱ्हाडे ट्रस्टने उठविली, त्यांना हिंदू कॉलनीत जागा मिळाली नाही. कामगारांच्या वाट्याला आल्या त्या १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी: नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७. प्रत्येक मजल्यावर सामाईक संडास आणि कुटुंबामागे १६० चौरस फुटांची एक खोली. दादरचा पूर्वेतिहास सांगताना बागांची रम्यता सांगायची आणि नायगावच्या ४२ चाळी वगळायच्या, हा अन्याय होईल.

मग हे सारे जीर्ण कसे झाले? काळ हे एक कारण. परंतु कायदा हे त्याहून मोठे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमारासची भाडी गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्याने आधार दिला यात शंका नाही. पण महिन्याकाठी दहावीस रुपये भाडे घेणारा मालक गच्चीची दुरुस्ती कोठून करणार? मालकाने लक्ष काढून घेतले, भाडेकरूने मालकी नसल्याने पैसा घातला नाही, आणि जागेची खरी किंमत पागडी नावाच्या अनौपचारिक व्यवहारातून हातोहात फिरत राहिली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, उपकर बसला, आणि ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून सरकारी दफ्तरात दाखल झाल्या. संक्रमण शिबिरात चार महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या कुटुंबांची दुसरी पिढी तेथेच संसार करू लागली, हे मध्य मुंबईत कोणालाही नवलाचे वाटत नाही.

आता चालू गणिताकडे यावे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बेट शहराला १.३३ चटईक्षेत्र निर्देशांक दिला. पण उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७) हे कलम वेगळे ठेवले, आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा विस्तार फार झाला. सध्याच्या नियमावलीप्रमाणे भूखंडावर ३ निर्देशांक, अथवा जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनास लागणारे क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन क्षेत्र, यांपैकी जे अधिक ते मिळते. समजा, १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर पुनर्वसनास २,४०० चौरस मीटर लागतात. तर विकासकास विक्रीसाठी १,२०० मिळून एकूण ३,६०० चौरस मीटर बांधता येतात. अर्थात भाडेकरू जितके अधिक, तितकी इमारत उंच. रस्त्याची रुंदी, समोरच्या शाळेची वेळ, मलवाहिनीचा व्यास यांचा या बेरजेत शिरकाव नाही. अरुंद भूखंडावर एवढे क्षेत्र बसेना म्हणून सामासिक अंतरात सवलत दिली जाते, आणि ऑरसाहेबांनी कोनाने बांधलेले उंची-अंतराचे नाते अधिमूल्य भरून सोडविता येते. एक इमारत अशी झाली तर बिघडत नाही; एका गल्लीत आठ झाल्या, की खालच्या सहा मजल्यांवर दिवसाढवळ्या दिवा लागतो, आणि त्या मजल्यांवर बहुधा जुन्या भाडेकरूंचीच घरे असतात.

मोकळ्या जागेची ही उणीव गिरण्यांच्या जमिनींनी भरून काढता आली असती. १९९१ च्या नियमानुसार गिरणीची जमीन तीन वाट्यांत जायची होती: एक नगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तत्पूर्वी २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने शिवसेना भवनासमोरील कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांस विकली होती. तेथे पन्नासहून अधिक मजल्यांचा कोहिनूर स्क्वेअर उभा आहे. दादरच्या मधोमध एवढी मोठी जागा एकसंध मिळण्याचा योग पुन्हा येणे कठीण, आणि तो दवडला याचा मला खरोखर विषाद वाटतो.

घराइतकाच दुकानाचा प्रश्न येथे महत्त्वाचा, कारण दादर ही राहण्याची जागा आहे तशीच संबंध मुंबईची बाजारपेठ आहे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही लोहमार्गांचे प्रवासी येथे उतरतात, आणि लग्नाचा बस्ता, सत्यनारायणाचे साहित्य, दिवाळीचा कंदील हे सारे घेऊनच गाडीत चढतात. पहाटे केशवसुत पुलाखालच्या परिसरात फुलांचा बाजार भरतो, मंडईत भाजीचे ट्रक रिकामे होतात, आणि दहाच्या सुमारास रानडे रोडवरची दुकाने उघडतात. या व्यापाराचा पाया म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा, पदपथाला लागून असलेला दहा बाय बाराचा पागडीचा गाळा. तेथे वळचणीला उभे राहून गिऱ्हाईक दोन पायऱ्यांच्या आत व्यवहार उरकते. शिवाजी मंदिर नाट्यगृहातला प्रयोग सुटल्यावर माणसे या रस्त्यांवर रेंगाळतात ती त्यामुळेच. नव्या इमारतीत नियमानुसार दुकानदारास जागा परत मिळते खरी. पण पुढचा भाग मोटारींच्या चढणीला, पहारेकऱ्याच्या चौकीला आणि वाहनतळाच्या मजल्यांना गेल्यावर तो गाळा कोपऱ्यात किंवा वरच्या मजल्यावर जातो, आणि कागदावर पूर्ण मिळालेले क्षेत्र धंद्याच्या दृष्टीने अपुरे ठरते. शिवाय तीन वर्षांचे बांधकाम चार ते सहा वर्षे रेंगाळले, की उदबत्तीच्या किंवा पुस्तकांच्या दुकानाचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले असते. फेरीवाल्यांचे दुखणे याहून जुने. २०१४ चा पथविक्रेता कायदा त्यांना हक्क देतो, स्थानकापासून १५० मीटरांच्या आत त्यांना मनाई आहे, आणि दादरचा बाजार नेमका त्या १५० मीटरांतच भरतो.

असे असूनही, रहिवाशांना जुने जतन करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. २०१२ साली महानगरपालिकेने वारसास्थळांची नवी यादी काढली तेव्हा शिवाजी पार्क व हिंदू कॉलनीतील रहिवाशांनीच हरकती घेतल्या, आणि त्यांची बाजू सबळ होती: वारशाचा मान इमारतीला, खर्च मात्र त्यांच्या माथी. ज्या वृद्ध जोडप्याला उद्वाहनाविना तीन मजले चढवत नाहीत, त्यांना गोलाकार गच्चीचे सौंदर्य काय कामाचे? नायगावच्या चाळीत १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० फुटांचे मालकीचे घर मिळणे, हे माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतले न्याय्य काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना तशा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवाय बीडीडी चाळींच्या पुनर्विकास योजनेत संपूर्ण वसाहत एकत्र घेतलेली असल्याने रस्ते व मोकळ्या जागांचा विचार निदान शक्य तरी होतो. तेथेही मनोऱ्यांची दाटी आणि देखभालीचा मासिक खर्च यांची धास्ती आहेच.

कायद्यात मार्ग नाही असेही नव्हे. एकाहून अधिक भूखंड एकत्र आल्यास ३३(७) खाली प्रोत्साहन वाढते, आणि ३३(९) खाली बेट शहरात ४,००० चौरस मीटरांचा समूह करता येतो. पण चार मालक, ऐंशी भाडेकरू आणि दोन विकासक यांना एका कागदावर आणण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर नियमावलीत नाही. ट्रस्टच्या काळी ते सार्वजनिक संस्थेने अंगावर घेतले होते. आज ते खासगी विकासकाच्या चिकाटीवर सोडलेले आहे, आणि त्याला एका भूखंडाचा सौदा लवकर पटतो.

मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे दादर स्थानक सुरू झाले आणि त्याच्या आसपासच्या प्रत्येक जुन्या इमारतीचे मोल एका रात्रीत वाढले. पुढची दहा वर्षे येथे बांधकामाचीच जाणार. दादर हे महानगरपालिकेच्या जी उत्तर, एफ उत्तर आणि एफ दक्षिण अशा तीन विभागांत विभागलेले आहे. या विभागांतील मंजूर व प्रलंबित असे सर्व प्रस्ताव एकाच नकाशावर उतरवून, त्यांच्या शेजारी रस्त्यांची रुंदी, जलवाहिन्यांची क्षमता, शाळा आणि तळमजल्यावरचे गाळे दाखवून, तो नकाशा विभाग कार्यालयांत व दादर सार्वजनिक वाचनालयात लोकांना पाहण्यास ठेवावा, आणि त्यावर हरकती-सूचना घेतल्यावाचून पुढची परवानगी देऊ नये, एवढी मागणी तरी दादरकरांनी एकमुखाने करावी. तिला नव्या कायद्याची गरज नाही. माहिती आज त्या त्या दफ्तरात पडूनच आहे.