बाकानंतरचे माप

मोठ्या जलवाहिन्यांवरचे बहुतेक मीटर पाणी थेट मोजत नाहीत. ते वेग किंवा दाबातला फरक टिपतात आणि प्रवाह सरळ, सममित आहे असे धरून पुढचे गणित करतात. बाक आला की हे गृहीतकच ढासळते. बाकातून बाहेर पडताना पाणी बाहेरच्या कडेला अधिक वेगाने धावते, आणि लागोपाठचे दोन बाक वेगळ्या प्रतलांत असतील तर दोरीच्या पिळासारखे गरगरत जाते. म्हणून आयएसओ 5167 हे मानक, ऑरिफिस प्लेटचे (दाबातला फरक मोजण्यासाठी नळात बसवलेल्या चकतीचे) भोक मोठे असल्यास, एका काटकोनी बाकानंतरही व्यासाच्या 40 पटींहून जास्त सरळ नळ मागते. 600 मिलिमीटरच्या वाहिनीला हे 24 मीटरांहून अधिक झाले. पंपघरात एवढी जागा कुठली? नळाच्या नेमक्या आकाराचे लाखो खंड पाडून संगणकावर प्रवाह सोडवला, तर अल्ट्रासॉनिक मीटरच्या ध्वनिलहरींचा मार्ग कोणत्या कोनात ठेवावा आणि मापाला किती दुरुस्ती लावावी, हे खोदकामाआधीच कळते. उत्तर निवडलेल्या टर्ब्युलन्स मॉडेलवर, म्हणजे खळबळत्या प्रवाहाच्या गणिती प्रारूपावर, ठरते, हा आक्षेप रास्त आहे. के-एप्सिलॉनसारखे प्रचलित मॉडेल पिळाचा प्रवाह नीट पकडत नाही. तेव्हा प्रयोगाशी ताडून पाहिल्याखेरीज अशी दुरुस्ती बिलात येता कामा नये. पण प्रयोगशाळेतले अंशांकन सहसा लांब सरळ नळावर होते. जागेवरच्या बाकाबद्दल ते काहीच सांगत नाही.