कॅथलॅबमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी

छातीत दुखू लागलं की कारंज्याहून रुग्णाला अकोला, अमरावती नाहीतर नागपूरला नेतात. तिथं अँजिओग्राफी आणि गरज पडली तर अँजिओप्लास्टी होते. हे काम ज्या खोलीत होतं तिला कॅथलॅब म्हणतात. मनगटाच्या किंवा जांघेच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि ती कुठं पोहोचली हे डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर पाहतात. छातीचा साधा एक्स-रे क्षणात निघतो. इथं यंत्र कितीतरी वेळ चालू-बंद होत राहतं.

रुग्णावर ही वेळ एखाद-दोनदाच येते आणि जीव वाचतो. म्हणून एक्स-रेच्या भीतीनं उपचार टाळू नका. पण त्या खोलीत रोज उभे राहणारे नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय, आया यांचं काय? वस्तीतून शिकून गेलेली आपली मुलं-मुली या कामावर आहेत, अनेकदा कंत्राटी. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

यंत्राचे किरण रुग्णाच्या अंगावर पडून चहूकडे विखुरतात. कर्मचाऱ्यांना मुख्यतः हेच विखुरलेले किरण लागतात. ते दिसत नाहीत, दुखत नाहीत. पण वर्षानुवर्षं लागत राहिले तर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

बचावाचे उपाय तीन आहेत.

अंतर : रुग्णापासून दुप्पट लांब उभं राहिलं तर किरण साधारण चौथा हिस्साच लागतात. एक-दोन पावलं मागं सरकणं फुकट आहे आणि फार कामाचं आहे.

वेळ : यंत्र चालू असताना गरज नसेल तर टेबलाजवळ थांबू नका. औषध किंवा सामान देताना, शक्य असेल तर, डॉक्टरांनी पायाखालचं बटण सोडल्यावर पुढं जा.

आडोसा : लेड एप्रन, गळ्यातला थायरॉइड कॉलर, शिशाच्या काचेचा चष्मा, छताला टांगलेली काच आणि टेबलाखालचा पडदा. एप्रन फक्त समोरून असेल तर यंत्राकडे पाठ करू नका. एप्रनची घडी घालू नका, आतलं आवरण तडकतं. तो हँगरवरच टांगा.

चौथी गोष्ट टीएलडी बॅज. किती किरण लागले ते हा बॅज मोजतो. तो एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. दुसऱ्याला द्यायचा नाही आणि कॅथलॅबमध्ये लटकवून ठेवायचा नाही. ठरलेल्या मुदतीनं तो तपासायला जातो. बॅज लावलाच नाही तर कागदावर काहीच दिसणार नाही, आणि उद्या त्रास झाला तर हातात पुरावा राहणार नाही.

हे सगळं देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. देशात यावर अणुऊर्जा नियामक मंडळ देखरेख ठेवतं. २००४ सालचे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवता येत नाही. बहिणींनो, दिवस गेल्याचं कळताच लेखी कळवा. पोटातल्या बाळासाठी मर्यादा फक्त १ मिलिसीव्हर्ट आहे.

एक गैरसमजही काढून टाकू. यंत्र बंद झालं की किरण संपतात, दिवा विझल्यावर उजेड संपतो तसे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला शिवल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं किंवा कॅथलॅबमधून आलेल्या लेकीनं बाळाला जवळ घेतल्यानं किरण लागत नाहीत. विटाळाचं दुःख आपण भोगलेलं आहे. हा नवा विटाळ घरात येऊ देऊ नका.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराची सुरक्षा हा त्याचा हक्क आहे, ही शिकवण आपल्याला तिथून मिळाली. म्हणून कॅथलॅबमध्ये रुजू होताना पहिल्याच दिवशी विचारा : माझ्या नावाचा बॅज कुठं आहे? माझ्या मापाचा एप्रन आहे का? विकिरण सुरक्षा अधिकारी कोण आहेत? बॅजचा अहवाल दर वेळी मागा आणि घरी जपून ठेवा. एकट्यानं विचारायला भीती वाटत असेल तर चौघं मिळून, लेखी विचारा.

नमो बुद्धाय! जय भीम!